चर्चमध्ये सुट्टीतल्या मुलांच्या आणि कुटुंबांच्या उपक्रमांचं नियोजन कसं करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेलं असं: मंडळीत चाळीसेक मुलं आहेत, मदतीला सहा-सात जण आहेत, उन्हाळ्याची सुट्टी तीन महिन्यांवर आली आहे आणि पाळकसाहेबांनी या वर्षीची जबाबदारी तुमच्यावर दिली आहे. कोणते उपक्रम ठेवावेत आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्हाला हवंय.

मी सोळा वर्षं संडे स्कूल शिकवते. त्यातली अकरा वर्षं सुट्टीचं नियोजनही माझ्याकडे आहे. म्हणून सांगते, उपक्रमांची यादी करायला बसू नका, आधी एक गोष्ट ठरवा. सुट्टी संपेल तेव्हा प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारं, त्याच्या घराबाहेरचं एक तरी मोठं माणूस मंडळीत असलं पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून बघा. निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हे मला उशिरा कळलं. माझ्या तिसऱ्या वर्षी आम्ही व्हीबीएस, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर, अगदी जोरात केलं. पाच दिवस, नव्वदच्या वर मुलं, स्टेजवर पुठ्ठ्याचं भलंमोठं नोहाचं तारू, रोज नवीन अ‍ॅक्शन साँग. सगळे खूश होते. दोन आठवड्यांनी उपासना सुटल्यावर सात-आठ वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली. हातात शिबिरात केलेलं कागदी कबुतर होतं, एका पंखाचा गोंद सुटून तो लोंबत होता. "टीचर, एवढं चिकटवून द्या ना," म्हणाली. मी चिकटवलं, सुकेपर्यंत बोटांनी दाबून धरलं, आणि देताना तिला हाक मारायला गेले तर नाव आठवेना. ते तिच्या लक्षात आलं. "मी रोज पहिल्याच रांगेत बसायचे," एवढंच बोलून ती गेली. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे मीच त्या आठवड्यात शिकवलं होतं.

त्या वर्षीची चूक मांडणीत होती. कथेला एक शिक्षक, हस्तकलेला दुसरा, खेळाला तिसरा आणि मुलं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत राहायची. प्रत्येक शिक्षकापुढून नव्वद मुलं जायची आणि एकही मूल कुणाचं नसायचं. आता आम्ही आठ-आठ मुलांचे गट करतो आणि प्रत्येक गटाला एक गटप्रमुख देतो. तो पाचही दिवस तोच असतो. त्याने काही शिकवायचं नाही. मुलांबरोबर गोष्ट ऐकायची, कात्री चालवायची, खेळात धावायचं, खाऊच्या वेळी त्यांच्यातच बसायचं आणि शेवटची वीस मिनिटं त्यांच्याशी बोलायचं. शिकवता न येणारी पण मुलांवर जीव असणारी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना हे काम सांगितलं की ती आनंदाने पुढे येतात.

चाळीस मुलं म्हणजे पाच गट. पाच गटप्रमुख, शिवाय कथा, खेळ, हस्तकला आणि दारावरची नोंदणी यांना मिळून पाच. म्हणजे दहा माणसं. तुमच्याकडे सात आहेत, म्हणून आत्ताच आणखी तिघं शोधा. मिळाली नाहीत तर मुलांचा आकडा कमी करा, पण आहे त्या माणसांना ताणू नका. सहा वर्षांखालच्या मुलांचा गट वेगळा ठेवा, त्यात चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं. तरुण संघातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं मदतीला जरूर घ्या, मात्र मोठ्यांच्या मोजणीत धरू नका.

तारखा मनाने ठरवू नका. येत्या दोन रविवारी उपासनेनंतर दाराशी एक तक्ता ठेवा आणि घरोघरच्या लोकांना दोनच गोष्टी लिहायला सांगा: सुट्टीत कोणत्या आठवड्यांत तुम्ही गावाला असणार, आणि मुलांना आणणं-नेणं सकाळी जमेल की संध्याकाळी. आम्ही वर्षानुवर्षं सकाळी शिबिर घेत होतो. तक्ता ठेवल्यावर कळलं की नोकरी करणाऱ्या पालकांची मुलं त्यामुळेच येत नव्हती. संध्याकाळी अडीच तास ठेवले आणि न्यायला आलेले पालक शेवटच्या गाण्याला थांबायला लागले. कुटुंबांसाठी वेगळा कार्यक्रम आखून जे साधलं नव्हतं ते नुसत्या वेळेने साधलं.

उपक्रम किती असावेत? माझ्या मते एक मोठा आणि तीन लहान, बस. मोठा म्हणजे पाच दिवसांचं शिबिर, सुट्टीच्या साधारण पहिल्या एक-तृतीयांश भागात. लहान तीन कुटुंबांसाठी, दर दोन-तीन आठवड्यांनी एक. दर आठवड्याला काहीतरी ठेवलं की तीच दहा माणसं दमतात, आणि त्यांच्या घरातली मुलं सुट्टीभर आई-वडिलांची वाट बघत बसतात.

शिबिराचा विषय तयार पुस्तकातून घेतलात तरी चालेल. पैसे कमी असतील तर मला सगळ्यात उपयोगी पडलेला विषय सांगते: बायबलमधली पाच मुलं. पहिल्या दिवशी मोशेची बहीण, जी दूर उभी राहून नदीकाठच्या लव्हाळ्यांतल्या टोपलीवर नजर ठेवते. दुसऱ्या दिवशी शमुवेल. तिसऱ्या दिवशी अरामी सेनापती नामानाच्या घरी दासी म्हणून आणलेली इस्राएली मुलगी. धन्याच्या कोडावर इलाज करू शकणारा संदेष्टा कुठे आहे हे तीच सांगते. चौथ्या दिवशी पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या आणणारा मुलगा. पाचव्या दिवशी याईराची बारा वर्षांची मुलगी, जिला येशू हात धरून उठवतो आणि लगेच सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. मुलांना हे शेवटचं वाक्य फार आवडतं. या पाचांपैकी चौघांचं नाव त्या गोष्टीत कुठेच दिलेलं नाही. ते मुलांकडूनच काढून घ्या आणि विचारा की देवाला ती नावं ठाऊक असतील का. आमच्याकडे त्या प्रश्नावर मुलं अर्धा तास बोलली होती.

शमुवेलाची गोष्ट मात्र आधी तुमच्या मदतनिसांना सांगा. रात्री देव हाक मारतो आणि पोरगं तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतं. एलीचे डोळे मंदावलेले, स्वतःच्या घरात त्याला अपयश आलेलं. तरी तो एवढं ओळखतो की ही हाक माझी नाही, आणि मुलाला सांगतो की पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं. गटप्रमुखाचं काम नेमकं तेवढंच आहे. ते आधीच समजलं की "मला बायबल फारसं येत नाही" ही भीती बऱ्यापैकी जाते.

सुवर्णवचन, म्हणजे मुलांनी पाठ करायचं बायबलमधलं वचन, पाचही दिवस मिळून एकच ठेवा. पाच वचनं पाठ करून घेतलीत तर बक्षीस मिळताच ती विसरली जातात.

आता सुरक्षिततेबद्दल. इथे मी कुणाशीही तडजोड करत नाही. बारा वर्षांचा येशू सणाहून परतताना मागे राहिला आणि तो काफिल्यातच असेल असं समजून मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, हे लूकने लिहून ठेवलंय. सगळे आपलेच आहेत, कुणाबरोबर तरी असेल, हा समज चर्चमध्ये सर्वात लवकर होतो. म्हणून मुलं जागा बदलतील तेव्हा दर वेळी गटप्रमुखाने मोजणी करायची. नोंदणीत मूल न्यायला कोण येणार त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच व्यक्तीकडे ते सोपवायचं, मग दुसरं कुणी मंडळीतलं कितीही ओळखीचं असो. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधीही नको. दोन मोठी माणसं हवीत किंवा दार सताड उघडं हवं. सगळे गट एकाच हॉलच्या कोपऱ्यांत बसवले तर हे सोपं जातं. नव्याने आलेल्या माणसाला लगेच गट देऊ नका. निदान सहा महिने मंडळीत असलेला, पाळकसाहेबांनी बोलून घेतलेला, आणि तुमच्याकडच्या कायद्याने जी पडताळणी लागते ती झालेला माणूसच घ्या. ॲलर्जी, औषधं, फोटो काढायला पालकांची संमती हे सगळं फॉर्मवर लेखी घ्या. कुणाला राग आला तर येऊ द्या. चांगल्या माणसालाही या नियमांनीच संरक्षण मिळतं.

त्याच फॉर्मवर मी एक ओळ वाढवली आहे: "तुला काय म्हणून हाक मारलेली आवडते?" ही ओळ मुलाने स्वतः भरायची. लिहिता येत नसेल तर सांगायचं आणि आपण लिहायचं. बिल्ल्यावर तेच नाव टाकायचं. गर्दीला बुजणाऱ्या, मोठ्या आवाजाने घाबरणाऱ्या मुलांसाठी हॉलच्या एका बाजूला चटई, चित्रं आणि खडू ठेवा. तिथे जायला परवानगी लागत नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

कुटुंबांच्या तीन संध्याकाळींसाठी माझा अनुभव असा की पालकांसाठी व्याख्यान ठेवू नये. पालक मागे खुर्च्यांवर, मुलं पुढे, आणि घरी जाताना दोघांना एकमेकांशी बोलायला काहीच नाही, असं होतं. आमच्याकडे सगळ्यात चांगली झाली ती साक्षीची संध्याकाळ. मंडळीतल्या चार वयस्क माणसांनी लहान असताना आपल्याला प्रार्थना करायला कुणी शिकवलं ते सांगितलं, प्रत्येकी सात मिनिटं, आणि नंतर मुलांनी त्यांना प्रश्न विचारले. एका मुलाने एका आजोबांना विचारलं, "तुमची प्रार्थना कधी ऐकली नाही असं झालंय का?" आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "झालंय." मग त्यांनी आपल्या बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. हॉलमध्ये चिडीचूप झालं होतं. ते आजोबा आणि तो मुलगा आता उपासनेला शेजारी बसतात. दुसरी संध्याकाळ सेवेची ठेवा, मंडळीतल्या आजारी किंवा एकट्या माणसांना घरी जाऊन भेटायची, दोन-दोन कुटुंबं मिळून. तिसरी मोकळ्यावर, खेळ आणि गाण्यांची. आमंत्रणात "आई-बाबांसोबत या" असं लिहू नका, "घरच्यांसोबत या" लिहा. कुणाचे वडील नसतात, कुणी आजीकडे वाढतं. आजीने घडवलेल्या विश्वासाचं उदाहरण तर पौलानेच तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात दिलंय.

शिबिरातून घरी रोज एक चिठ्ठी पाठवा. तिच्यावर गोष्टीचं नाव आणि जेवताना विचारायचा एकच प्रश्न, इतकंच. मुलांशी घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता देवाच्या वचनाविषयी बोलावं असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलंय. पुष्कळ पालकांना ते करायचं असतं, सुरुवात कशी करावी हेच सुचत नाही. जी कुटुंबं सुट्टीभर गावाला असतात त्यांना पाचही चिठ्ठ्या पाकिटात घालून आधीच द्या.

एक गोष्ट थोडी नाजूक आहे. शेवटच्या दिवशी मुलांना हात वर करायला लावून "येशूला कोणी कोणी स्वीकारलं" असा आकडा मोजू नका. आठ वर्षांचं मूल मित्राने हात वर केला की करतं. कुणाला बोलायचं असेल तर गटप्रमुखाकडे यायला सांगा, आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरच्यांशी बोला.

सजावटीवर वेळ आणि पैसा सगळ्यात शेवटी घालवा. संडे स्कूलची चळवळ ग्लॉस्टरमध्ये १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केली तेव्हा मुलं आठवडाभर कामाला असायची आणि रविवारी त्यांना वाचायला शिकवायचं, एवढंच होतं. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली व्हर्जिनिया हॉज यांनी सुट्टीत रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी शाळा घेतली ती भाड्याने घेतलेल्या बिअर हॉलमध्ये. आजच्या व्हीबीएसच्या सुरुवातींमध्ये ती मोजली जाते. तुमचा हॉल साधा असेल तर काही बिघडत नाही.

शिबिरानंतरच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम सादर करण्यापेक्षा त्यांना उपासनेत कामं द्या. एकाने शास्त्रपाठ वाचावा, दोघांनी अर्पण गोळा करावं, बाकीच्यांनी गीताला पुढे उभं राहावं. आणि कॅलेंडरवर शिबिराचे पाच दिवस लिहायच्या आधीच त्यानंतरचे तीन आठवडे लिहून टाका, कारण ते कायम राहून जातात. त्या काळात गटप्रमुखाने आपल्या आठही मुलांना स्वतःच्या हाताने कार्ड लिहायचं आणि निदान एकदा घरी किंवा चर्चच्या दारात भेटायचं. माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक रिकामा चौकोन असतो. त्यात त्या मुलाला ओळखणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहायचं, आणि ते मुलाला विचारूनच. "तुला चर्चमध्ये कोण ओळखतं?" असं विचारलं की ते पटकन एक नाव घेतं किंवा खाली बघतं. खाली बघणाऱ्यांच्या घरी मी सुट्टी संपायच्या आत जाते.

तर येत्या रविवारी दाराशी तक्ता लावा आणि तीन माणसं हेरायला सुरुवात करा. कुठे अडलात तर इथेच खाली विचारा. मी वाचते आणि उत्तरही देते.