किलोमीटरवर कर घेतला तर त्याला म्हणायचं काय?

परभणीहून एका ताईंची विचारणा आहे: पेट्रोल-डिझेलवर कर घेण्याऐवजी गाडी जितकी पळेल तितके पैसे घ्यायचे, या पद्धतीला मराठीत काय म्हणावं? 'टोल' चालेल, की 'पथकर'?

माझ्या मते दोन्ही नकोत. टोल म्हटलं की एक ठरावीक रस्ता आला. समृद्धी महामार्गावर जालन्याला चढून शिर्डीला उतरलं की तेवढ्याच अंतराचा टोल कापतात खरा, पण तो त्या महामार्गापुरताच. इथं प्रश्न सगळ्याच रस्त्यांचा आहे. न्यूझीलंडमध्ये डिझेलची मोटार असणारा रस्ते वापरण्याचा पैसा पंपावर भरत नाही; हजार-हजार किलोमीटरचा परवाना आधीच विकत घेतो. पंपावर न जाणाऱ्या विजेच्या मोटारींनाही एप्रिल २०२४ पासून तेच लागू झालं. याला टोल कसं म्हणणार?

'पथकर' फलकावर ठीक, पण 'पथकर भरून आलो' असं बोलताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. 'जकात' आणि निजामाच्या राज्यातली 'करोडगिरी' हे आपल्या जुन्या लोकांचे शब्द, पण ते मालावरचे. गाडी किती चालली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मला सुचतो तो शब्द 'रस्तापट्टी'. घरपट्टी, पाणीपट्टी तोंडात बसलेलीच आहे. कुणी म्हणेल, पट्टी म्हणजे सगळ्यांवर सारखी बसवलेली रक्कम. गावात सप्त्याची पट्टी घरटी गोळा करतात तशी. पण जायकवाडीच्या कालव्यावरची पाणीपट्टी आठवा. किती क्षेत्र भिजवलं आणि कोणतं पीक घेतलं यावर ती ठरते. उसाची वेगळी, ज्वारीची वेगळी. म्हणजे वापराप्रमाणे आकारणी पट्टीला नवी नाही. शिवाय क्रियापदं तयार मिळतात: पट्टी बसते, भरतात, थकते, आणि निवडणूक जवळ आली की माफही होते! त्याऐवजी 'अंतराधारित मार्गवापर आकार' असा पुस्तकी शब्द घेऊन तो 'थकला', असं म्हणून पाहा.

अंतराचा उल्लेख हवाच असेल तर भाड्याच्या गाडीचं बोलणं घ्या. 'गाडी किलोमीटरवर लावली का रोजावर?' असं आपण विचारतोच. तसंच 'किलोमीटरवरची रस्तापट्टी'. सरकारी मसुद्यात मात्र 'अंतरानुसार रस्तावापर शुल्क' लिहावं, कारण वापराच्या बदल्यात घेतात ते शुल्क. कराला तशी थेट परतफेड नसते.