'महाधर्मप्रांत'मधला 'महा' कशाचा?

खानापूरच्या एका वाचकाचा प्रश्न: "बातम्यांत बेळगावला 'धर्मप्रांत' आणि गोव्याला 'महाधर्मप्रांत' म्हणतात. एकटा बेळगाव जिल्हाच गोव्याच्या तिपटीहून मोठा. मग 'महा' उलट नको का?"

क्षेत्रफळाचा हिशेब बरोबर आहे. बेळगाव जिल्हा तेरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर, गोवा ३,७०२. पण इथला 'महा' आकाराचा नाही, मानाचा आहे. कॅथलिक व्यवस्थेत बिशपच्या कार्यक्षेत्राला धर्मप्रांत म्हणतात आणि आर्चबिशपच्या क्षेत्राला महाधर्मप्रांत. गोव्याला हा मान सोळाव्या शतकातच मिळाला. पुढे गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाही तिथल्या आर्चबिशपांचे क्षेत्र घाटावर, आपल्या भागापर्यंत पसरले होते. त्यातून १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. कॅम्पातले फातिमा कॅथेड्रल हे त्याचे मुख्य चर्च. १९७६ साली बेळगावातून कारवार वेगळा झाला.

आज बेळगाव गोव्याच्या नव्हे, बंगळूरच्या गटात मोडतो. मात्र 'बंगळूर महाधर्मप्रांतातील बेळगाव धर्मप्रांत' ही वाक्यरचना मला खटकते. जिल्ह्यात तालुका असतो, तसा महाधर्मप्रांतात धर्मप्रांत नसतो. बंगळूरचा महाधर्मप्रांत हे तिथल्या आर्चबिशपांचे स्वतःचे क्षेत्र. बेळगावचे बिशप पोप नेमतात आणि रोजच्या कारभारात बंगळूरचा हुकूम चालत नाही. बेळगावचे बिशप बर्नार्ड मोरस २००४ मध्ये आणि पीटर मचाडो २०१८ मध्ये बंगळूरचे आर्चबिशप झाले, ती बढती खरी. पण त्यामुळे बेळगाव काही बंगळूरचा तालुका होत नाही.

खरी अडचण 'प्रांत' या शब्दाने केली आहे. महाधर्मप्रांत आणि त्याच्याशी जोडलेले धर्मप्रांत मिळून जो गट होतो, त्यालाच खरे तर 'प्रांत' शोभला असता. तो शब्द आपण आधीच खालच्या पायरीवर खर्चून बसलो. शिवाय चंदगड-गडहिंग्लजकडे 'प्रांत' म्हटले की महसुलाचे प्रांतसाहेबच आठवतात! कन्नडमध्ये 'धर्मक्षेत्र' चालते, पण मराठीत ते म्हटले की थेट कुरुक्षेत्रच उभे राहते. म्हणून 'धर्मप्रांत' राहू द्यावा आणि गटासाठी सरळ 'बंगळूर धर्मप्रांतसमूह' लिहावे. 'बंगळूर समूहातील बेळगाव धर्मप्रांत' हे वाचायलाही सोपे आणि अर्थालाही धरून आहे.