अपग्रेडनंतरची अडगळ

डेबियन लिनक्स 12 वरून 13 वर आलात, मशीन नीट सुरू झालं, तर आता घाई कसली? जुनी पॅकेजं लगेच त्रास देत नाहीत. फक्त जी आता कुठल्याच रिपॉझिटरीत (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्यात) नाहीत, त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत. ती शोधायची.

आधी ॲप्ट या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या टूलची ऑटोरिमूव्ह कमांड चालवा, आता कुणालाच न लागणारी पॅकेजं ती काढते; बरीच अडगळ तिथेच निघते. मग 'ॲप्ट लिस्ट' लिहून पुढे अवतरणचिन्हांत टिल्ड (~) आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा ओ द्या. (अवतरण विसरू नका, शेल, म्हणजे तुमची कमांड वाचणारा प्रोग्रॅम, टिल्डचा भलताच अर्थ लावू शकतो.) येईल ती यादी डोळे मिटून उडवू नका. तुम्ही स्वतः डेब फाइलमधून (डेबियनच्या पॅकेजची फाइल) टाकलेली किंवा अपग्रेडसाठी बंद केलेल्या बाहेरच्या रिपॉझिटरीतली पॅकेजंही तिथेच दिसतात. मी असाच एकदा प्रिंटरचा ड्रायव्हर काढून बसलो, मग अर्धा दिवस शोधाशोध. नाव 'लिब'ने सुरू होऊन शेवटी जुना आकडा असेल, तर बहुधा ती जुनी लायब्ररी. ती खुशाल जाऊ द्या.

पॅकेज काढताना ॲप्ट विचारेल, तेव्हा वाय दाबण्याआधी काय काय काढलं जाणार ते नीट वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं की तिथेच थांबा.

डीपीकेजीच्या (ॲप्टच्या खालचं पॅकेज टूल) यादीत ओळीच्या सुरुवातीला 'आरसी' दिसलं, तर प्रोग्रॅम गेलाय, कॉन्फिग फाइल तेवढी उरलीय. पर्ज केलं की तीही जाते. जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र नव्यावर दोनचार वेळा बूट करून पाहिल्याशिवाय हलवू नका.