मेमरी मोकळी कोणी करायची?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी शिकले, आता जावा चालू आहे. दादा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहितो. तो म्हणतो, गार्बेज कलेक्टरवर (मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेवर) विसंबणाऱ्याला मेमरी कधी कळत नाही. मैत्रिणी म्हणतात, मेमरी हाताने फ्री, म्हणजे मोकळी, करायचे दिवस गेले. खरं कोणाचं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दादाच्या कामापुरतं दादाचं खरं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या मशीनवर मीही बरीच वर्षं काम केलंय, म्हणून तिथलंच सांगतो.

सेन्सरचं रीडिंग घेणारं फंक्शन (प्रोग्रामचा एक तुकडा) मॅलॉकने, म्हणजे सीमधल्या मेमरी मागायच्या सोयीने, 64 बाइट मेमरी घेतं आणि शेवटी फ्री करतं. मध्ये एक ओळ असते : रीडिंग चुकीचं असेल तर इथूनच परत फिरा. त्या वाटेवर फ्री लिहायचं राहून गेलेलं असतं, म्हणजे दर वेळी ते 64 बाइट अडकून राहतात. सेन्सर धड आहे तोवर महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस तार सैल होते आणि प्रत्येक रीडिंग चुकीचं येऊ लागतं. सेकंदाला 100 रीडिंग धरली, तर 256 केबी मेमरीचा कंट्रोलर (मशीन चालवणारा छोटा संगणक) मिनिटभरही तग धरत नाही. लोक तार बदलतात, मशीन चालू होते, चूक तिथेच राहते!

या जाचातून पहिली सुटका केली अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी, लिस्प भाषेत गार्बेज कलेक्टर आणून. त्यांचा लेख 1960चा. चालू प्रोग्रामला कुठून ना कुठून पोहोचता येईल त्या वस्तू ठेवायच्या, बाकीच्यांची जागा परत घ्यायची. जावा त्याच वाटेने जाते. मोबदल्यात प्रोग्राम अधूनमधून थांबतो. नव्या कलेक्टरांनी हा थांबा फार लहान केलाय, बिलिंगच्या कामात तो जाणवतही नाही. बाटली भरली की त्याच क्षणी व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, तिथे मात्र तो परवडत नाही.

मैत्रिणींना एक जरूर सांगा. कलेक्टर 'पोहोचता न येणारं' काढतो, 'नको असलेलं' नाही. स्टॅटिक हॅशमॅपमध्ये (प्रोग्राम संपेपर्यंत टिकणाऱ्या तक्त्यात) प्रत्येक ऑर्डर टाकत गेलात आणि काढलीच नाही, तर त्याच्या लेखी ती सगळी वापरातच असते. जावाचे सर्व्हर असेच भरत भरत बंद पडतात. ही वस्तू कोणाची आणि तिचं काम कधी संपलं, हे तिथेही तुम्हालाच ठरवावं लागतं. रस्ट भाषेत (पहिली पक्की आवृत्ती 2015) हाच हिशेब कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं साधन) तपासतो, पण ती नंतर शिका.

आधी सीमध्येच हात बसवा. दादाकडून एखादं जुनं फंक्शन मागून घ्या, लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) आणि -g लावून कंपाइल करा आणि त्याला मुद्दाम चुकीचं रीडिंग द्या. प्रोग्राम संपताना किती बाइट मोकळे करायचे राहिले आणि ते कुठल्या ओळीत घेतले होते, हे पडद्यावर येईल. बरोबर रीडिंग देऊन तपासत बसू नका, त्या वाटेवर चूक सापडणार नाही.