शहरातले जुने सार्वजनिक चार्जर बदलायला पैसा कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात-आठ वर्षांपूर्वी शहरात बसवलेले विजेच्या गाड्यांचे सार्वजनिक चार्जर एकेक करून बंद पडताहेत, पालिका म्हणते नवे घ्यायला पैसे नाहीत, मग मार्ग काय? मी बरीच वर्षं एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात काढली, त्यामुळे उत्तर जरा वहीखात्याच्या अंगाने जाईल.

आधी बदलायचं नेमकं काय ते पाहा. खर्चाचा मोठा वाटा बहुधा जमिनीखाली असतो: खोदलेला चर, केबल, चबुतरा, मीटरची जोडणी, मोठ्या डीसी (जलद चार्जिंगच्या) ठिकाणी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. हे काम नीट झालं असेल तर दोन-तीन दशकं त्याकडे बघावं लागत नाही. वरची पेटी मात्र आठ-दहा वर्षांत म्हातारी होते, आणि म्हातारी होते म्हणजे जळतेच असं नाही. आमच्याकडच्या एका चार्जरला वीज येत होती, केबल शाबूत होती, दिवासुद्धा हिरवा. पण आतलं मोडेम थ्रीजीचं आणि ते नेटवर्कच बंद झालेलं. पैसे भरल्याचा निरोप यंत्रापर्यंत पोचेना, म्हणून ते वीज सोडेना. भारत डीसी-००१ या १५ किलोवॉटच्या चार्जरचं दुखणं निराळं. त्यांचा प्लग जीबी/टी जातीचा, गाड्या गेल्या सीसीएस-२ कडे, आणि धडधाकट यंत्रं बिनकामाची झाली. तेव्हा ठेकेदाराने अख्ख्या नव्या स्टेशनचं अंदाजपत्रक पुढे केलं, तर जमिनीखालचं आणि वरचं असे दोन भाग वेगळे मागा. रक्कम तिथेच बरीच खाली येते.

पैसे का नाहीत, हे आमच्या मालमत्ता नोंदवहीत स्वच्छ दिसायचं. चार्जरांपुढे शेरा ‘अनुदानातून प्राप्त’, आणि घसाऱ्याचा, म्हणजे दरवर्षी झिजेपोटी धरायच्या रकमेचा, रकाना कोरा. फुकट आलेल्या वस्तूचा घसारा कोण धरतो? अनुदान बसवण्यापुरतं असतं. बदलीसाठी ते क्वचित मिळतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये बंद किंवा नादुरुस्त असे सुमारे ४,५०० चार्जिंग पॉइंट दुरुस्त करायला वा बदलायला जवळपास १५ कोटी डॉलर दिले होते. अशी योजना निघाली तर अर्ज जरूर करावा, पण तिच्या भरवशावर अंदाजपत्रक बेतू नये.

मला पटणारा मार्ग म्हणजे दर युनिटमागे थोडी रक्कम बाजूला काढून बदली निधी उभारायचा, आणि तो वेगळ्या खात्यात ठेवायचा. (सर्वसाधारण निधीत गेलेला पैसा परत येत नाही, हे अनुभवाचे बोल.) समजा एक चार्जर रोज सरासरी ४० युनिट विकतो. वर्षाला १४,६०० युनिट झाले, आठ वर्षांत १,१६,८००. नव्या पेटीच्या किमतीला या आकड्याने भागा. जी रक्कम येईल तेवढी भर दरात हवी. आता दुसरा चार्जर घ्या, रोज ८ युनिट विकणारा. त्याच्या वाट्याला आठ वर्षांत २३,३६० युनिट येतात, म्हणजे भर पाचपट. ती कोणी देणार नाही. असा चार्जर आहे तिथेच बदलायचा हट्ट सोडावा, नाहीतर ती लोकसेवा आहे असं उघड म्हणून करातून खर्च करावा. जमिनीखालच्या कामासाठी कर्ज काढायला हरकत नाही, कारण ते काम कर्जापेक्षा जास्त टिकतं. पेटीसाठी पंधरा वर्षांचं कर्ज काढणं मात्र शुद्ध वेडेपणा. यंत्र भंगारात गेल्यावरही हप्ते चालूच राहतील.

तुमच्याकडे आज निधीच शून्य आहे, त्यामुळे पहिली फेरी बहुधा खासगी सवलत कराराने निघेल, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी चार्जर चालवायचा हक्क कंपनीला आणि खर्चही तिचाच. पॅरिसमध्ये ऑटोलिब ही भाड्याच्या विजेच्या गाड्यांची सेवा २०१८ मध्ये बंद पडली, तिचे चार्जिंग पॉइंट उरले. पुढे २०२१ मध्ये शहराचं बेलिब हे जाळं दहा वर्षांच्या कराराने टोटल कंपनीकडे गेलं. असा करार करताना मोक्याच्या जागा आणि कडेच्या वस्त्या एकाच निविदेत बांधा, नाहीतर कंपनी मलई उचलून निघून जाते. चार्जर किती टक्के वेळ चालू हवा तेही लिहून घ्या. ब्रिटनने ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरांसाठी सरासरी ९९ टक्के ठरवलंय, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन दिवसांची सूट. आणि यंत्रं ओसीपीपी ही खुली संपर्कप्रणाली पाळणारीच हवीत. ती नसेल तर करार संपल्यावर हातात येते ती फक्त कंपनीच्या सर्व्हरशीच बोलणारी मुकी पेटी.

जाहिरात फलकांच्या उत्पन्नावर सगळं भागेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्याऐवजी पालिकेकडून चार्जरनिहाय गेल्या वर्षभरात विकलेल्या युनिटची यादी मागा. मिळाली तर इथे टाका, कोणते चार्जर स्वतःचा खर्च काढतील ते मी बसून काढून देतो.