सरकारी शाळेत मुलांना धार्मिक किंवा राजकीय कार्यक्रमात बसवत असतील, तर पालक नाही म्हणू शकतात का?

हो, आणि धर्माच्या बाबतीत तर ठामपणे. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असलं, तरी अल्पवयीन मुलाला त्यात बसवायला पालकांची संमती लागते. 'सगळेच बसतात' ही संमती नव्हे. 1986 मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत.

राजकारणाबाबत इतकं थेट कलम नाही, तिथे शाळा व्यवस्थापन समिती धरायची. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान 75 टक्के पालक असतात. आमच्याकडे वाटलेल्या वह्यांवर एका पुढाऱ्याचा हसरा फोटो होता. चौघी आयांनी समितीला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठवड्याभरात सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं चढली.

तोंडी भांडू नका, त्याचा राग मुलावर निघतो. अर्जच द्या, आणि शक्यतो दोन-तीन पालक मिळून.