हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात नवीन आहेस ना, मग शून्याला भुलू नकोस

अगं, इंदूरच्या हॉस्पिटलात लागलीस, छान झालं. पण पहिल्याच महिन्यात पेशंट पडल्याच्या घटना शून्य आल्या तर खूश होऊ नकोस, बहुतेक वेळा कोणी लिहीतच नसतं, ओरडा बसेल म्हणून. रिपोर्टिंग सुधारलं की आकडा आधी वरच जातो, हे मॅनेजमेंटला आत्ताच सांगून ठेव नाहीतर मीटिंगमध्ये तुझीच खरडपट्टी.

नुसता आकडा देऊ नकोस, 2000 पेशंट-दिवसांत (रोज भरती असलेल्या पेशंटची महिन्याची बेरीज) 3 पडले म्हणजे हजारी 1.5 असं लिही. कॅथेटरच्या (शरीरात घातलेल्या नळीच्या) इन्फेक्शनला मात्र भागायला खाली कॅथेटर-दिवसच (रोज नळी असलेल्या पेशंटची बेरीज) घ्यायचे, आणि ते रोज ठरलेल्या वेळी वॉर्डात मोजायचे, महिनाअखेरीस फायली उपसून नाही.

डब्ल्यूएचओची 19 मुद्द्यांची सर्जरी चेकलिस्ट सगळीकडे भरलेली दिसेलच, तू ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी राहून बघ, चिरा द्यायच्या आधी सगळे खरंच थांबतात का, की नंतर कोणीतरी एका दमात सगळ्यांवर टिक करतं. रात्रीचाही राउंड घे (सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खाऊन गेलीस तरी चालेल), कॉल बेल पेशंटच्या हाताला येते का बघ, बरेचदा पलंगामागे लोंबत असते. आणि हो, घटनेच्या फॉर्मवर लिहिणाऱ्याचं नाव कम्पलसरी असेल तर ते आधी काढायला लाव.